डब्याचा रकाना

एप्रिलचा दुसरा आठवडा उजाडला की पत्रा वाजायला लागतो. सकाळी दहाच्या सुमारास ऊन गॅलरीच्या कठड्यावरून आत उतरतं आणि डब्यांच्या रांगेतून टक्, टक् असा आवाज सुरू होतो. पत्रा तापून प्रसरतो, माती सुकून आक्रसते, आणि दोघांच्या मध्ये नखभर फट पडते. वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ बुडाला जातं, भोकातून बाहेर येतं, आणि घालणाऱ्याला वाटतं, झाड पोटभर प्यालं. झाडाच्या मुळांना थेंब लागलेला नसतो. चार दिवसांनी ते मान टाकतं. मग लोक म्हणतात, ऊन बाधलं.

मुलुंडच्या या घरात येऊन आम्हांला सहा वर्षं झाली. या दिवसांत माझ्याकडे रोगी येतात. कुणी कुंडी उचलून आणतं, कुणी नुसतं पान खुडून आणतं आणि औषधाची पुडी उलगडावी तसं माझ्यासमोर उलगडतं. परवा वरच्या मजल्यावरची सुलभा क्रोटन घेऊन आली. अर्धी पानं गळलेली, उरलेल्यांच्या कडा जळलेल्या.

"काकू, ह्याला झालंय तरी काय? रोज पाणी घालते हो मी."

"रोज घालतेस, तेच झालंय. डबा कसला आहे?"

"डब्याचं काय घेऊन बसलात? झाड बघा ना."

"झाड नंतर. डबा कुठून आणलास, आत आधी काय होतं, बुडाला भोकं किती, ती पाडली कुणी?"

ती हसायला लागली. "पोलिसात होता का काकू तुम्ही?"

पोलिसात नव्हते, स्टोअरमध्ये होते. विक्रोळीच्या एका कारखान्यात वीस वर्षांच्या वर मालाची कार्डं लिहिली. प्रत्येक वस्तूला एक कार्ड: आलं कधी, गेलं कधी, कुणी नेलं, उरलं किती. माल बिघडला तर पहिला नियम एकच, तो ज्यात ठेवला होता ते आधी पाहायचं. नव्याने कामाला लागलेल्यांना हा नियम मी पहिल्याच दिवशी सांगत असे. स्वतःच्या दारात मात्र तो विसरले. तेरा-चौदा वर्षं झाली त्याला. त्या उन्हाळ्यात माझी सहा झाडं मेली आणि शेजारच्या पारूचं मनगट मोडलं. दोन्हींचा संबंध मी लावला होता. कागदावर, रकाने आखून.

बागेत मन शांत होतं असं म्हणणाऱ्यांनी कधी डबा उलटा करून पाहिलेला नसतो. मी शेकडो पाहिलेत. दोन वर्षं एकाच डब्यात राहिलेल्या झाडाची मुळं भिंतीला आपटून वळतात, पुन्हा वळतात, आणि शेवटी स्वतःच्याच खोडाभोवती आवळतात. चाकूने कापल्याशिवाय तो फास सुटत नाही. पश्चिमेकडची बाजू दुपारभर तापते, तिकडची मुळं शिजतात, आणि झाडाची नेमकी तेवढीच बाजू मरते. पाण्याला वाट नसली तर मुळं कुजून काळी पडतात, बोटांत धरून ओढली की साल मोज्यासारखी हातात येते. जास्त खत घातलं तर तेच खत मुळाचं पाणी शोषून घेतं. मुंग्या पांढऱ्या किडीला खांद्यावर घेऊन फांदीफांदीला नेऊन सोडतात. जमिनीतल्या झाडाला निदान पळता येतं. खडक लागला तर मूळ वळतं, खारट लागलं तर मागे फिरतं. डब्यातल्या झाडाला चहूबाजूंनी पत्रा. जे होईल ते तिथंच सोसायचं.

तेव्हा आम्ही घाटकोपरला राहत होतो, टेकडीच्या उतारावरच्या एका दुमजली चाळीत. वरच्या मजल्यावर शेवटून दुसरी खोली आमची, शेवटची दामू आणि पारूची. दामू साकीनाक्याला एका वर्कशॉपमध्ये होता. तिथं लोखंडी दांड्यांना, सायकलच्या हँडलांना क्रोमचा चकचकीत मुलामा चढवायचे. माणूस बोलायला गोड. कुणाचं दार लागत नसलं तर पटाशी घेऊन येई, कुणाचा स्टोव्ह भडकला तर पिन मारून देई. त्याच्या हाताच्या बोटांवर, पेरांच्या मागे, गोल गोल भोकं पडलेली असत, मिरीएवढी, कडा उचललेल्या. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "आमच्या धंद्यात असंच असतं वहिनी. सवय होते."

पारू वर्सोव्याची, कोळ्यांची. दामूही कोळीच, पण त्याच्या घरची होडी बापाच्या वेळीच विकली गेलेली. पारू तेव्हा पंचविशीची असेल. आम्ही साताऱ्याकडचे, बौद्ध. त्या चाळीत राहायला आलो तेव्हा सगळ्या घरांनी हसून चौकशी केली, पण आमच्या दारात पहिली ताटली कुणाची आली असेल तर ती पारूची, ओल्या बोंबलाच्या कालवणाची. आणि रिकामी ताटली परत देताना मी संकोचले तर म्हणाली, "काय तरी घालून दे की गं. रिकामी नको देऊस. कांदा दे." मी कांदा दिला.

हे सगळं मला माहीत होतं. आणखी एक गोष्ट माहीत होती. आमच्या मधली भिंत अर्ध्या विटेची होती. त्यांच्याकडे भांडं जमिनीवर ठेवलं तरी आमच्याकडे कळायचं. दामू सुट्टीच्या दिवशी दुपारी तिला मारायचा. दर सुट्टीला नाही. कालवणात मीठ जास्त झालं, माहेरी निरोप पाठवला, दाराशी उभी राहून कुणाशी हसली, असं काही ना काही असायचं. आवाज सुरू झाला की मी शिवणयंत्र ओढून घ्यायची आणि पायाने जोरात चालवायची. त्या वर्षात मी पडदे, उशांचे अभ्रे, पिशव्या इतकं शिवलं की ठेवायला जागा उरली नाही. संध्याकाळी दामू गॅलरीत दात कोरत उभा राहायचा आणि म्हणायचा, "काय वहिनी, आज मशीन जोरात?"

गॅलरीत माझे अकरा डबे होते. आमच्या दाराजवळ पाच, जुने, वनस्पती तुपाचे. त्या वर्षी फेब्रुवारीत दामूने साकीनाक्याहून सहा डबे आणून दिले. गोल, गुडघ्याएवढे, चांगल्या जाड पत्र्याचे. "फुकट आहेत," म्हणाला. "एकदा धुऊन घ्या तेवढे." मी राख लावून एका पाण्याने धुतले, बाहेरून हिरवा ऑइलपेंट मारला, खिळ्याने बुडाला सात-सात भोकं पाडली. आमच्या दारापाशी जागा नव्हती म्हणून ते सहा गॅलरीच्या टोकाला मांडले. म्हणजे पारूच्या दारासमोर. त्यांत जास्वंद, मिरची, टोमॅटो, दोन गुलाब आणि एक लिंबू लावलं. लिंबू आईने परसातल्या झाडाच्या बीपासून वाढवलेलं होतं. फलटणहून एसटीत मांडीवर घेऊन आले होते. आई आदल्याच पावसाळ्यात गेली होती.

मार्चअखेरीला जास्वंदीची पानं पिवळी पडली. शिरा हिरव्या, मधलं सगळं पिवळं. मग टोमॅटो. मग एक गुलाब. वाढ खुंटायची, नवं पान नखाएवढं यायचं आणि करपून जायचं. मी वहीच्या दुहेरी पानावर रकाने पाडले. झाडाचं नाव, लावल्याचा दिवस, माती, खत, पाणी किती तांबे, ऊन किती तास, पहिलं पान कधी पिवळं पडलं, गॅलरीतली जागा. माती सगळ्यांना एकच, टेकडीवरची लाल माती आणि शेणखत. खत एकच. पाणी मीच घालायची, मोजून. ऊन जवळजवळ सारखं. एकच रकाना असा होता की ज्यात फरक दिसत होता, तो जागेचा. पारूच्या दारासमोरची सगळी आजारी, माझ्या दाराजवळची सगळी धडधाकट.

डबा हा रकाना मी पाडला नव्हता. मला तो सुचलाच नाही. डबा म्हणजे डबा.

लिंबाने पानं टाकली त्या आठवड्यात मी पारूला पाहिलं. ती मासळी धुतलेलं पातेलं घेऊन बाहेर आली आणि पाणी माझ्या डब्यांत ओतायला लागली, ह्यात थोडं, त्यात थोडं. लालसर पाणी, वर खवल्यांचे तुकडे. मला पाहून ती दचकली नाही. तोंडभर हसली आणि आत गेली. पण मी आत्तापर्यंत तिच्या आईला टोपलीतून सुकट आणि खारवलेले बांगडे आणताना शंभरदा पाहिलं होतं. मीठ झाडाला मारतं हे मला ठाऊक होतं. मी वहीत नवा रकाना पाडला आणि त्यात लिहिलं, खारं पाणी. खाली रेघ मारली. एवढ्या दिवसांचा गुंता सुटल्याचा आनंद झाला, हे मी लपवणार नाही. स्टोअरमध्ये हिशेब जुळला की व्हायचा तसाच.

मी पारूला विचारायला हवं होतं. दोन पावलांवर तिचं दार होतं. पण आमच्या चाळीत एक रीत होती आणि ती सगळ्यांच्या अंगवळणी पडलेली होती. बाईची तक्रार तिच्या नवऱ्याकडे करायची. बाईशी बोललं तर भांडण होतं, नवऱ्याशी बोललं तर बोलणं होतं, असं सगळे धरून चालत. मीही धरून चालले.

रविवारी दुपारी दामू गॅलरीत आरसा खिळ्याला अडकवून दाढी करत होता. मी वहीतला कागद फाडून नेला. फाडून का नेला? कारण वही मला परत हवी होती आणि कागद त्याच्याकडे राहिला तरी चालणार होतं.

"दामूभाऊ, जरा बोलायचं होतं."

"बोला ना वहिनी." त्याने वस्तरा पाण्यात बुडवला.

मी कागदावरून एकेक ओळ वाचून दाखवली. जास्वंद, टोमॅटो, गुलाब, लिंबू. तारखा. जागा. मग पातेल्याचं सांगितलं. तो मन लावून ऐकत होता. अर्ध्या चेहऱ्याला साबण तसाच होता.

"आईचं लिंबू होतं ना ते?" तो म्हणाला.

"हो."

"कागद द्या इकडे. तुम्ही जा आत. बघतो मी."

मी आत आले आणि तांदूळ निवडायला बसले. हे पेपर वाचत होते. त्यांना मी काही सांगितलं नव्हतं. भिंतीपलीकडे प्रथम बोलणं ऐकू आलं, मग बोलणं थांबलं. मग कपडे धुवायच्या धोपाटण्याचा आवाज. तो ओळखू येतो, ओल्या कपड्यावरचा वेगळा आणि अंगावरचा वेगळा. शिवणयंत्र माझ्यापासून हाताच्या अंतरावर होतं. त्या दिवशी मला ते ओढून घेता आलं नाही. मी मोजत बसले. मला दुसरं काही येत नव्हतं. चौथ्या फटक्याला ह्यांनी पेपर खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. सातव्याला काहीतरी सुक्या काटकीसारखं मोडलं. नवव्यानंतर थांबलं.

मी दार उघडलं तेव्हा पारू गॅलरीत येऊन माझ्या डब्यांच्या मध्ये बसली होती. भुवई फाटली होती, रक्त गालावरून हनुवटीवर आणि हनुवटीवरून गुलाबाच्या मातीत पडत होतं. डावा हात तिने उजव्या हातात धरला होता, मनगटाच्या वर भलत्याच दिशेला वाकलेला. दहा दारं उघडली होती. एकही माणूस उंबऱ्याच्या बाहेर आला नव्हता. आत दामू उरलेली दाढी करत होता.

"ताई," ती म्हणाली, अगदी नेहमीच्या आवाजात, "ताज्या मासळीचं पाणी होतं. खारं नव्हतं. माझी आय मोगऱ्याला घालते. तुझी झाडं सुकायला लागली म्हणून घातलं."

मी तिला रिक्षाने इस्पितळात न्यायला हवं होतं असं आज वाटतं. पण नेलं ते खालच्या मजल्यावरच्या दोन बायकांनी. मी बादली आणून गॅलरी धुतली. कठड्यापर्यंत सगळी. रक्ताला थंड पाणी लागतं, हेही मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी तिची आई आली. जाडजूड, काळीभोर बाई, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली. मुलीचं बोचकं एका हाताने उचललं आणि माझ्या दारात उभी राहिली.

"तुजी झारं किती मेली ती मोजलीस," ती म्हणाली. "माज्या पोरीला किती फटके बसले, ते मोजलेस?"

मोजले होते.  ती थुंकली, माझ्या अंगावर नाही, उंबऱ्याच्या बाहेर, आणि मुलीला घेऊन गेली.

त्यानंतरचे तीन आठवडे मी कामावर जाऊन येत होते. ऊन चढत होतं. दामू दाराशी भेटला की मान हलवायचा, जणू आम्हां दोघांवर एकच संकट आलेलं होतं. एके दिवशी आणखी दोन डबे घेऊन आला. "तुमची झाडं गेली ना वहिनी. ही भरपाई." मी ते घेतले. नको म्हणायचं सुचलं नाही. पहिल्यासारखेच राखेने धुतले आणि दोन्हींत झेंडूची तयार रोपं लावली. झेंडू मुद्दामच, तो कशातही तगतो. डबे माझ्या दाराजवळ ठेवले, तुपाच्या डब्यांना खेटून.

सतरा दिवसांत झेंडू पिवळे पडले. शिरा हिरव्या, मधलं पिवळं.

त्याच संध्याकाळी दामूने मला गॅलरीत थांबवलं. "येत्या रविवारी वर्सोव्याला बसणार आहेत सगळे. सासरेबुवा नाहीत, म्हणून कोळीवाड्यातले जाणते बसतील. ती म्हणते, येणार नाही. मी तुमचा कागद घेऊन जातोय. तारखा आहेत, सगळं आहे. अक्षर सुरेख. तिची चूक लिहूनच आहे म्हटल्यावर तिला गपगुमान परत यावं लागेल." त्याने सदऱ्याचा खिसा थोपटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कामावर गेल्यावर मी सगळे डबे उलटे केले. झाडांची मानगूट धरून खेचली. माती फोडली, मुळं धुतली, डबे आडवे पाडून आत तोंड घातलं. तुपाच्या डब्यांतली मुळं पांढरी, दाट. साकीनाक्याच्या डब्यांतली मुळं पत्र्यापासून चार बोटं आत थांबलेली, टोकं तपकिरी, आखूड, खुंटासारखी. बुडाशी जिथं पत्र्याची घडी दुमडलेली असते, त्या दुमडीत नारिंगी-पिवळा खडा बसलेला होता. पाण्याने ओला झाला की पिवळं पाणी सोडायचा. मी खिळ्याने खरवडला, बोटाने पुसला. मग बोटाकडे पाहिलं. महिनाभर माझ्या दोन बोटांना फोड आले होते, मी म्हणत होते, खत लागलं. फोड फुटून खड्डे पडले होते. मिरीएवढे, गोल, कडा उचललेल्या.

आज कुणी झाड घेऊन आलं की मी पहिला रकाना डब्याचा पाडते. कागद असो वा नसो, मनात तरी. सुलभाच्या क्रोटनचा डबा रंगाचा निघाला. मी तिला दुसरा दिला आणि वाढलेली मुळं कापून लावायला सांगितलं. तिला ते फार निर्दय वाटलं. "एवढी कापायची?" कापायची. मुळं कापून झाड मरत नाही. त्या घाटकोपरच्या उन्हाळ्यात मात्र मला असं वाटलं होतं की आता कारण सापडलं, म्हणजे संपलं. खरं कारण सांगितलं की सगळं आपोआप जागच्या जागी जाईल. मी तशीच माणूस होते. अजूनही बरीचशी तशीच आहे.

"तू कशाला जातेस?" रविवारी हे म्हणाले. "त्यांचं ते बघतील."

"कागद माझा आहे."

 मी एक डबा पिशवीत घातला, साकीनाक्यावरून जाणाऱ्या बसने अंधेरी, तिथून दुसऱ्या बसने वर्सोवा. खाडीकाठच्या मोकळ्या जागेत बांबूंच्या माळांवर बोंबील वाळत होते. पावसाळ्याच्या आत सगळं सुकवून घ्यायचे दिवस, त्यामुळे बायका कामावरून उठल्या नव्हत्या. हातांत कोयते, पुढ्यात टोपल्या, आणि कान इकडे. बोटीच्या सावलीत पाच-सहा म्हातारे बसले होते. मधल्याला सगळे नाखवा म्हणत, त्याची स्वतःची होडी होती. दामू इस्त्रीच्या कपड्यांत बसला होता. पारू आईच्या मागे, हाताला प्लॅस्टर, भुवईवर टाक्यांची काळी रेघ.

माझा कागद नाखव्याच्या हातात होता. त्याला वाचता येत नव्हतं, तरी तो धरून बसला होता.

मी डबा वाळूत ठेवला आणि सगळं सांगितलं. डबे कुणी आणले, कुठं ठेवले, झेंडू कसा गेला. दुमड उघडून दाखवली. माझी बोटं दाखवली आणि म्हटलं, आता दामूभाऊंची बोटं बघा. दोन म्हाताऱ्यांनी खरंच वाकून पाहिली.

नाखवा दामूकडे वळला. "तुला ठावं होतं? डब्यात काय होतं त्ये?"

"क्रोमच्या पावडरचेच डबे. धुवायला सांगितलं होतं मी." दामू गोड हसला. "वहिनींनी नीट धुतले नसतील."

"आन् बायकोला मारलंस तवा? तवा नाय आठवलं?"

"आठवलं होतं. म्हणजे, डोक्यात आलं होतं. पण वहिनी एवढं लिहून घेऊन आल्या होत्या. त्यांना काय सांगणार?"

बायकांकडचा कोयत्यांचा आवाज थांबला.

नाखव्याने बराच वेळ डबा फिरवून पाहिला. मग सुटकेचा श्वास टाकला. "म्हंजे पोरीची चूक नाय. ह्या बाईची पन नाय, ती काय जानं. चूक डब्याची. झालं तर. भांडनाचं कारनच नाय उरलं." तो पारूकडे वळला. "ऊठ, पोरी. कापडं घे. घरी जा नवऱ्याबरोबर."

मी तिथं उभी होते. मी आणलेल्या पुराव्याने तिला निर्दोष ठरवलं आणि त्याच पुराव्याने परत पाठवलं. पाच मिनिटांत.

पारू उठली. "नाखवा," ती म्हणाली, "मी मारली असती तर?"

"काय?"

"झाडं. मीठ घालून मीच मारली असती, तर मग हे बरोबर होतं?" तिने प्लॅस्टर पुढे केलं.

  एवढे रकाने पाडले, हा प्रश्न एकाही रकान्यात बसत नव्हता.

"पुरे आता नाटक," दामू म्हणाला आणि पुढे होऊन त्याने तिला धरलं. प्लॅस्टरच्या हातालाच धरलं, सवयीने, आणि ओढलं. ती ओरडली नाही. वाकली, उजव्या हाताने डबा काठाला धरून उचलला आणि त्याच्या तोंडावर मारला. झाकण कापून काढलेला तो काठ होता, मीच कापला होता, पत्र्याच्या कात्रीने. गाल कानापासून ओठापर्यंत उघडला. इस्त्रीच्या सदऱ्यावर रक्त आलं तेव्हा त्याला कळलं. त्याने हात उगारला. हात वर असतानाच त्याला दिसलं की माळांजवळच्या सगळ्या बायका उभ्या राहिल्या आहेत आणि कुणीही कोयता खाली ठेवलेला नाही. त्याने हात गालावर नेला आणि वाळूत बसला.

नाखव्याने माझ्याकडे पाहिलं. कागद अजून त्याच्या हातात होता. "बाई, तू लिवनारी," तो म्हणाला. "आता ह्याचं काय? हे बरोबर झालं म्हनतेस?"

मी कागद त्याच्या हातातून घेतला. माझं अक्षर खरंच सुरेख होतं. "नाखवा, ह्या कागदात फक्त डब्याचीच चूक नाही," मी म्हटलं. "मला भिंतीतून ऐकू यायचं. वर्षभर. हा कागद घेऊन मी कुणाकडे जातेय ते मला माहीत होतं." मग थांबून म्हटलं, "ती इथंच राहू दे."

 पारूच्या आईने टोपली उचलून पोरीच्या पुढ्यात ठेवली आणि नाखव्याकडे पाठ करून बसली.

"राहू दे," नाखवा म्हणाला.

दामूला दोघांनी उठवून नेलं. पारूच्या तळहाताला डब्यातला ओला पिवळा रंग लागला होता. मी सांगितलं, लगेच धू, नाहीतर भोकं पडतील. दुसरा हात प्लॅस्टरमध्ये, त्यामुळे तिला एकटीला जमेना. मी रांजणातून तांब्या भरून घेतला आणि तिच्या हातावर ओतू लागले. ती वाळूने चोळत होती, बोटांच्या मधून, नखांच्या कडांतून. पिवळं फिकं झालं, मग गेलं. मी तरी ओतत राहिले.

"पुरे, ताई," ती म्हणाली. "पाणी लांबून आणावं लागतं."

मी तांब्या खाली ठेवला.